बसवणारा आणि आवळणारा

"हा घ्या तुमचा शाफ्ट!"

बर्फवालीने दोन्ही हातांनी फरफटत आणलेला लोखंडी दांडा गॅरेजच्या दारात टाकला. फरशीवर असा काही दणका बसला की थोरल्या मिस्त्रीच्या हातातला चहा त्याच्याच पायावर सांडला.

तिच्यामागे रस्त्यावर तिची पिकअप उभी होती. एका ट्रकला दोरी बांधून ती ओढत आणली होती. मागे ताडपत्रीखाली बर्फाच्या लाद्या वितळत होत्या आणि फळ्यांच्या फटींतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. बाई एरवी तोंडाने फटकळ, चारचौघांत कुणाला ऐकून घ्यायची नाही. आज मात्र तिचे ओठ पांढरे पडले होते आणि बोलताना दात एकमेकांवर आपटत होते.

"उतारावर होते हो मी. आधी खालून टण्ण झालं. म्हटलं दगड उडाला असेल. मग जे धाडधाड सुरू झालं, वाटलं गाडीखाली कुणीतरी घण घालतंय. ब्रेक दाबला तर पाय थेट खाली. या तुमच्या दांड्याने ब्रेकचा पाईप तोडला! शेजारी माझी आई बसलेली. हँडब्रेक ओढला, गाडी वाळूच्या ढिगात घातली, म्हणून आज तुमच्यासमोर उभी आहे. आईला घरी सोडून आलेय. एक शब्द बोलत नाहीये ती. नुसती बघते."

"लागलं नाही ना कुणाला?" मिस्त्रीने कसंबसं विचारलं.

"लागायला काय हवं होतं अजून?"

तो खाली बसला आणि दांडा उलटापालटा करून बघू लागला. पिकअपच्या इंजिनाचं बळ मागच्या चाकांपर्यंत नेतो तो हा शाफ्ट. त्याच्या टोकाला क्रॉस म्हणून एक सांधा असतो, आपल्या मनगटासारखा वळणारा. बर्फाच्या गाडीत वरून सतत पाणी गळतं, त्यामुळे तिच्या क्रॉसला गंज ठरलेलाच. पाच आठवड्यांपूर्वी जुना झिजलेला क्रॉस काढून मिस्त्रीने नवा घातला होता.

आधी त्याच्या मनात आलं तेच कुठल्याही मिस्त्रीच्या मनात आलं असतं. माल नकली निघाला. "या दुकानदारांना धरून बडवलं पाहिजे," असं पुटपुटत त्याने क्रॉस अंगठ्याने हलवून पाहिला. क्रॉस ठणठणीत होता. लोण्यासारखा फिरत होता. मग त्याने शाफ्टच्या टोकाच्या चकतीची चार भोकं पाहिली. बोल्ट तुटले असते तर भोकं फाटली असती, लांबट झाली असती. ती अगदी गोल होती.

तो दिवा घेऊन बाहेर गेला, पिकअपखाली सरपटत शिरला आणि मागच्या एक्सलवरच्या जोडीदार चकतीवर उजेड टाकला. चारांपैकी तीन बोल्ट नव्हतेच. चौथा अजून लोंबत होता, त्याचा सुटलेला नट तिथेच वंगणात चिकटून राहिलेला. नटावर पांढऱ्या रंगाचा ठिपका नव्हता.

तो तसाच गाडीखालून गॅरेजकडे तोंड करून ओरडला, "ए धाकल्या! इथं ठिपका का नाही रे दिलास?"

बर्फवालीने वाकून गाडीखाली पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा राग क्षणात उतरला होता.

"मिस्त्री," ती हळूच म्हणाली, "अहो, धाकटे मिस्त्री जाऊन दोन महिने झाले."

आता हे ठिपक्याचं नीट सांगायला हवं, नाहीतर त्या माणसाचं काय झालं ते कळायचं नाही.

हे दोघे भाऊ एकतीस वर्षं एका गॅरेजात होते. त्यांना काम शिकवलेल्या जुन्या मिस्त्रीने एक नियम घालून दिला होता: बसवणाऱ्याने आवळायचं नाही. ज्याने शाफ्ट बसवला त्याला आपलं सगळं बरोबरच दिसतं, म्हणून शेवटचं आवळणं दुसऱ्याने करायचं. थोरला गाडीखालच्या खड्ड्यात उतरायचा, शाफ्टच्या खुणा जुळवायचा, चारही बोल्ट घालून नट छोट्या पान्याने टेकवायचा. मग पान्याने गाडीच्या सांगाड्यावर दोनदा ठोकायचा आणि वर यायचा. ती खूण ऐकली की धाकटा लांब दांडीचा पाना घेऊन खाली उतरायचा, अंगातलं सगळं बळ लावून एकेक नट आवळायचा आणि आवळून झालेल्या नटावर पांढरा ठिपका द्यायचा. थोरल्याचं काम दोन ठोक्यांना संपायचं. तो हात पुसायचा, पाणी प्यायचा आणि पुढच्या गाडीकडे वळायचा. एकतीस वर्षांत त्याने मागे वळून पाहिलं नव्हतं. का पाहील? मागे भाऊ होता.

भाऊ नऊ आठवड्यांपूर्वी सकाळी कॉटच्या कडेला बसून चपला घालता घालता आडवा झाला आणि उठला नाही.

थोरला गाडीखालून बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळाला वंगण लागलं होतं. तो चाकाला टेकून बसला. त्याला सगळं दिसत होतं. पाच आठवड्यांपूर्वी याच गाडीखाली आपण दोनदा ठोकलं. वर आलो. हात पुसले. बाईला म्हणालो, "घेऊन जा, झाली." आणि खड्ड्यात कुणीही उतरलं नाही.

"बाई," तो म्हणाला, "मालाचा दोष नाही. माझ्या हातून झालंय. मी नट टेकवले आणि आवळलेच नाहीत. तुमचा आणि तुमच्या आईचा जीव माझ्यामुळे जात होता."

आता ही शिव्यांची लाखोली वाहणार, असं त्याला वाटलं. त्याला ती हवीही होती.

"असे किती बसवलेत?" तिने विचारलं.

"काय?"

"अहो, ते गेल्यापासून असे किती शाफ्ट बसवलेत तुम्ही?"

हा विचार त्याच्या डोक्यात आलाच नव्हता. त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. बर्फाची ही गाडी. पाण्याचे जार नेणारी. ती फर्निचरवाल्याची. रोपवाटिकेची हिरवी. आणि अंड्यांची.

"पाच," तो म्हणाला. "ही धरून पाच."

"म्हणजे चार रस्त्यावर आहेत. मग इथं बसून माझं तोंड काय बघताय? उठा! बर्फाचं माझं मी बघते, वितळला तर वितळला. पळा आधी!"

पळायचं कुठे, हाच तर प्रश्न होता. थोरल्याला गाड्या पाठ होत्या, पण माणसं धाकट्याची होती. बोलायचं काम त्याचं. थोरल्याला गिऱ्हाइकं पाठीमागे मुका मिस्त्री म्हणत. कुणाचा पत्ता काय, नंबर काय, हे सगळं धाकट्याच्या फोनमध्ये होतं आणि फोन त्याच्या मुलीकडे होता.

पुतणी चष्म्याच्या दुकानात काम करायची. काळ्या हातांनी, वंगणाच्या कपाळाने, काखेत लांब पाना घेऊन मिस्त्री त्या काचेच्या चकचकीत दुकानात शिरला तेव्हा एका म्हातारबुवांना ती अक्षरं वाचायला लावत होती. तिच्या हातातली पट्टी खाली आली.

"काका? काय झालं? काकू बरी आहे ना?"

"बाबांचा फोन कुठाय?"

"माझ्याजवळ आहे. का?"

त्याने सांगितलं. तुकड्यातुकड्यांत, उभ्या उभ्या सांगितलं. ऐकताना पुतणीचा चेहरा पांढराफटक पडत गेला. म्हातारबुवा डोळ्यांवर नंबर तपासायची जड चौकट तशीच ठेवून ऐकत होते.

"म्हणजे तुम्ही बसवायचे," ती म्हणाली, "आणि बाबा आवळतील म्हणून वर यायचे?"

"असं ठरवून नाही गं. दोनदा ठोकलं की काम संपलं, एवढंच हाताला माहीत."

"काका, बाबांना तुम्ही स्वतः पोचवून आलात!"

"आलो ना. मला माहीत आहे तो गेला ते. सगळं माहीत आहे. या हातांनाच कळलेलं नाही." त्याने आपले दोन्ही हात तिच्यासमोर धरले.

पुतणी त्या हातांकडे पाहत राहिली. मग एकदम बोलली. "मला वाटलं तुम्हाला काहीच वाटत नाही. पंधराव्या दिवशी गॅरेज उघडलंत. घरी आला नाहीत, आईशी चार शब्द बोलला नाहीत. मी म्हटलं, या माणसाला भाऊ काय आणि गाडी काय, सारखंच. इतका राग आला होता मला तुमचा!"

"येऊ दे. पण आधी ते फोन लाव, बाळा."

तिने फोन पर्समधून काढला. रोज रात्री न चुकता ती तो चार्ज करायची. कुणी बाबांना विचारलं की बाबा नाहीत, एवढंच सांगायची. धाकट्याने नावं अशी टिपून ठेवली होती की एरवी हसू आलं असतं. जार घाईवाला. फर्निचर वाकडं फाळकं. झाडं हिरवी गाडी. आणि अंडी, त्यापुढे कंसात, जपून हसवा, फुटतील.

फर्निचरवाला पहिल्याच फटक्यात सापडला. "गाडी आहे तिथे उभी करा, चावी काढा," एवढं पुतणीने म्हटल्यावर त्याने कारणही विचारलं नाही. रोपवाटिकेची गाडी आठवडाभर जागची हललीच नव्हती, बॅटरी उतरली होती. जारवाला दोन गल्ल्या पलीकडेच होता. अंडीवाल्याचा फोन बंद लागला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. पुतणीने त्याच्या घरचा नंबर शोधून लावला.

"ते टेकडीवरच्या गावांना माल टाकायला गेलेत," त्याची बायको म्हणाली. "दुपारपर्यंत खाली येतील. फोनचं चार्जिंग संपलं असेल, नेहमीचंच आहे त्यांचं. काही काम होतं का?"

"नाही, नाही," पुतणी म्हणाली. "बघते मी." आणि फोन ठेवून तिने काकाकडे पाहिलं. टेकडीचा रस्ता दोघांनाही माहीत होता. वर जाताना एकवेळ ठीक, पण उतरताना एकापाठोपाठ एक वळणं, आणि एका बाजूला नुसती दरी.

"चष्म्याचं उद्या बघू हं आजोबा," ती म्हणाली.

"जा, जा," म्हातारबुवा म्हणाले. "मला काय, आज दिसलं काय नि उद्या दिसलं काय."

जारवाल्याची गाडी वाटेतच होती, म्हणून आधी तिथे थांबले. मिस्त्री गाडीखाली शिरला. पहिला नट पान्याने दीड फेरा फिरला. दुसरा दोन फेरे. मिस्त्रीच्या हातातून पाना निसटून त्याच्या छातीवर पडला. इतके दिवस हा माणूस ओझं लादून असाच गावभर फिरत होता.

त्याने चारही नट आवळले. प्रत्येक नट पुन्हा एकदा आवळला. मग पुतणीला हाक मारली. "तू ये खाली. एकेक बघ. मी सांगतो म्हणून नको, स्वतः हलवून बघ."

ती दुकानाच्या इस्त्रीच्या कपड्यांत रस्त्यावर आडवी झाली. चारही नटांना पाना लावून तिने जोर दिला. एकही हलला नाही. तिच्या खिशात चष्म्याच्या काचेवर खूण करायचं पांढरं पेन होतं. त्याने तिने चारही नटांवर ठिपके दिले. जारवाला घड्याळ बघत म्हणाला, "झालं का? मला उशीर होतोय."

"होऊ दे उशीर," पुतणी खालूनच खेकसली. "आज तुला उशीर झालाय याचे पेढे वाट."

मग पुतणीची स्कूटर टेकडीच्या रस्त्याला लागली. पुढे पुतणी, मागे मिस्त्री, त्याच्या मांडीवर आडवा लांब पाना आणि खिशात सुटे बोल्ट. चढावर स्कूटर रडतखडत चालली होती. प्रत्येक वळणावर मिस्त्री दरीच्या बाजूला खाली डोकावून बघत होता. काय दिसेल याची भीती होती, पण डोळे मिटून घेणंही जमत नव्हतं. एका वळणावर खाली पांढरं काहीतरी चमकलं आणि त्याने पुतणीचा खांदा इतका घट्ट धरला की ती कळवळली. तो कुणीतरी टाकलेला जुना फ्रीज होता.

तिसऱ्या की चौथ्या वळणानंतर वरून ती पिकअप येताना दिसली. निळी, मागे अंड्यांच्या ट्रेच्या उंच चळती. मिस्त्रीने पाना हवेत उंचावून ओरडायला सुरुवात केली. अंडीवाल्याने त्याला ओळखलं, तोंडभर हसला, हॉर्न वाजवला आणि हात हलवत निघून गेला.

"अगं, वळव! वळव!"

पुतणीने स्कूटर तिथल्या तिथे वळवली. आता ते त्याच्या मागे होते आणि मिस्त्रीला गाडीखालून येणारा आवाज ऐकू येत होता. टक, टक, टक. वेग वाढला की भरभर, कमी झाला की सावकाश. कुणाला साधा वाटला असता. त्याच्या कानांना तो शाफ्टच्या सैल टोकाचा आवाज होता. आता कुठल्याही क्षणी टण्ण होईल. सकाळी बर्फवालीने सांगितलं तसंच. इथे वाळूचा ढीग नव्हता.

"पुढे घे," तो म्हणाला. "त्याच्या पुढे घे."

"दरी आहे काका त्या बाजूला!"

"माहीत आहे!"

तिने घेतली. पिकअपच्या आणि कठड्याच्या मधून, मिरर घासत, ती पुढे गेली. पन्नास पावलं पुढे जाऊन तिने स्कूटर रस्त्यात आडवी घातली. दोघं उड्या टाकून उतरले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. पिकअप करकचून थांबली. मागे ट्रे एकमेकांवर आदळले.

"अहो थोरले!" अंडीवाला खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला. "जीव द्यायचाय का? द्यायचाच तर माझ्या अंड्यांखाली कशाला देता?"

"इंजिन बंद कर. गिअरमध्ये टाक. हँडब्रेक ओढ. चाकाला दगड लाव."

त्याच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, अंडीवाल्याने एक चकार शब्द न काढता चारही गोष्टी केल्या.

मिस्त्री गाडीखाली गेला. दोन बोल्ट नव्हतेच. तिसऱ्याचा नट अर्ध्या आट्यावर होता. चौथा त्याने नुसत्या बोटांनी फिरवला आणि तो फिरला. तो त्या लोखंडाकडे पाहत तसाच पडून राहिला.

"दोन दिवस टकटक येतेय," वरून अंडीवाला सांगत होता. "म्हटलं धाकट्यांना फोन करावा. मग म्हटलं, ते आधी अर्धा तास माझी टिंगल करणार, मग सांगणार की काही नाही, घेऊन ये. निवांत वेळ मिळाला की करू. कुठे आहेत ते? मागच्या वेळी गाडी मेव्हण्याने आणली, भेट राहूनच गेली. आज तुम्ही कसे आलात? तुम्ही तर कधी बाहेर पडत नाही."

मिस्त्री दोन नवे बोल्ट घालत होता. चारही आवळले, पुन्हा आवळले. पुतणीने खाली जाऊन एकेक तपासला. मग तो बाहेर आला, कपडे न झटकताच अंडीवाल्यासमोर उभा राहिला आणि ज्याला सगळे मुका म्हणत त्या माणसाने सगळं सांगितलं. बोल्ट सांगितले, बर्फवाली सांगितली, वाळूचा ढीग सांगितला. आपल्या हातून झालं, हे दोनदा सांगितलं. आणि शेवटी म्हणाला, "धाकटा गेला रे. नऊ आठवडे झाले. आवळायला कुणी नव्हतं आणि मला ते समजलं नाही."

अंडीवाला मटकन खाली बसला. एक धक्का पचायच्या आत दुसरा बसला होता. त्याने एकदा गाडीखाली पाहिलं, एकदा दरीकडे, मग पुतणीकडे.

"धाकटे?" एवढंच तो म्हणाला. "आमचे धाकटे?"

पुतणीने मान हलवली.

एक बस वर गेली, तिच्या धुरळ्यात तिघेही झाकले गेले आणि पुन्हा दिसू लागले. मग अंडीवाल्याने तिच्याकडे हात केला. "फोन देता जरा? माझा बंद आहे."

तिने बापाचा फोन त्याच्या हातावर ठेवला. त्याने घरचा नंबर लावला.

"मीच बोलतोय," तो म्हणाला. "कुठे काय? काही नाही. असाच केला. ... अगं हो, दुसऱ्याच्या फोनवरून. ... नाही, एकही फुटलं नाही. ... येतोय. तू थांब जेवायची, मी येतोय." हे शेवटचं त्याने आणखी एकदा म्हटलं.

फोन परत देताना त्याने मिस्त्रीच्या हाताला हात लावला. दोष दिला नाही, माफही केलं नाही. गाडीत बसला आणि पहिल्या गिअरमध्ये सावकाश निघाला.

काका-पुतणी कठड्याशी उभे राहून ऐकत होते. टकटक थांबली होती, नुसतं इंजिन ऐकू येत होतं. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. झाडांच्या आड गाडी दिसेनाशी झाली तरी ते कान देऊन उभे होते. खूप खाली, सपाटीवर पोचल्यावर अंडीवाल्याने एक लांब हॉर्न दिला.

तेव्हा मिस्त्री रस्त्यावर खाली बसला. "धाकल्या, अरे धाकल्या," असं म्हणत दोन्ही काळे हात तोंडावर घेऊन तो मोठमोठ्याने रडू लागला. पुतणीने त्याला उगी केलं नाही. ती त्याच्या शेजारी बसली आणि रडत राहिली.